बयाणा नाकारता आला पाहिजे

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत बचत गटांबरोबर काम करण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आला. "इथे उद्योग का वाढत नाहीत?" असं मला बाहेरची मंडळी नेहमी विचारतात. मला त्यापेक्षा वेगळा प्रश्न उपयोगी वाटत आला आहे: ज्या पाड्यावर एखादा धंदा टिकला, त्या पाड्यावर असं काय होतं? वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी घरांच्या ओट्यावर बसून आणि शेताच्या बांधावर उभं राहून जे उमगलं, ते इथे मांडते आहे.

१. इथल्या धंद्याची गाठ बयाण्याशी असते

भाद्रपदात इथल्या घरातली कणगी रिकामी झालेली असते. भात निसवायला लागलेलं, नागली-वरई अजून वरकस जमिनीवर उभी, आणि दुकानात उधारी साचलेली. नेमका त्याच सुमारास वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येतो आणि रोख रक्कम हातावर ठेवतो. याला बयाणा म्हणतात. तो घेतला की दिवाळी झाल्यावर सगळं कुटुंब भिवंडी, कल्याण किंवा वसईकडच्या भट्टीवर जातं. लेकरं, भांडी, कोंबड्या, सगळं बरोबर. काही जण नाशिककडे द्राक्षबागांत जातात. मागे म्हातारी माणसं उरतात. घरची मंडळी कुठे आहेत असं विचारलं, तर उत्तर येतं, "जगायला गेलेत." परतायचं ते पाऊस तोंडावर आला की.

आता याच घरातल्या बाईसाठी जानेवारीत शिवणकामाचा वर्ग ठेवला, तर ती येणार कुठून? यंत्र आलं, प्रमाणपत्रं छापली, फोटो निघाले, आणि शिकणारी बाई भट्टीवर विटा थापते आहे, हे मी पाहिलेलं आहे. योजनेचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. पाड्याचं वर्ष आवणीपासून झोडणीपर्यंत आणि तिथून थेट स्थलांतरापर्यंत. या दोन वर्षांची सांगड ज्यांनी घातली त्यांचं काम टिकलं.

मोखाड्याच्या एका गटातल्या बायकांनी साधा ठराव केला होता. गटाची शिल्लक दिवाळीला वाटून घ्यायची नाही. श्रावण-भाद्रपदात ज्या घराला धान्याची ओढ आहे, त्या घराला आधी कर्ज द्यायचं. रक्कम लहान, दोन-तीन हजारांची. पण तेवढ्यावर ते घर मुकादमाला "या वर्षी नाही" म्हणू शकलं. हिवाळ्यात नवरा-बायको दोघं पाड्यावर राहिली, तेव्हा कुठे वाल, वांगी, मिरची लावायची गोष्ट निघाली. या दोन तालुक्यांत धंद्याला सगळ्यात आधी काय लागतं, तर घरी राहता येणं. बाकीच्या गोष्टी मागाहून येतात.

२. पाऊस किती पडला यापेक्षा दिवाळीनंतर पाणी कुठे उरलं ते पाहावं

जव्हारला पाऊस भरपूर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. डोंगर उताराचे, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पाणी पडतं आणि वाहून जातं. वैतरणेवरची मोडकसागर आणि मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा ही धरणं मुंबईची तहान भागवतात, आणि त्यांच्याच आसपासच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. हा अन्याय आहे, आणि तो नुसत्या कळवळ्याने मिटणारा नाही.

धंद्याच्या दृष्टीने मात्र मोठ्या धरणापेक्षा लहान साठ्याने जास्त काम केलेलं मी पाहिलं. कार्तिकात गोणपाटाची पोती मातीने भरून ओहोळावर घातलेला वनराई बंधारा, एखादी खोल केलेली विहीर, प्लास्टिकचं अस्तर लावलेलं शेतातलं कुंड. एवढ्यावर काही गुंठ्यांचा भाजीचा तुकडा होळीपर्यंत हिरवा राहतो. जिथे असं पाणी आहे तिथे कर्ज फिटतं. गावाला भेट देणाऱ्या बँकेच्या अधिकाऱ्यांना मी आधी विहीर दाखवायची, मग गटाची वही.

३. झाड मोठं होईपर्यंत घर कशावर चालणार, याचं उत्तर आधी हवं

'बायफ' संस्थेची वाडी योजना इथे पुष्कळांना ठाऊक आहे. १९८२ च्या सुमारास ती गुजरातेत, वांसदा भागातल्या आदिवासी गावांत सुरू झाली आणि पुढे सीमा ओलांडून जव्हारकडे आली. एक एकर उताराच्या जमिनीवर आंबा-काजूची कलमं, कडेने कुंपणाला जंगली झाडं, ओळींच्या मध्ये घरचं पीक. कल्पना उत्तम. पण कलम धरायला चार-पाच वर्षं लागतात, आणि पहिल्या उन्हाळ्यात हंड्याने पाणी घालायला घरी माणूस नसेल तर कलम जळतं.

जी कुटुंबं तगली त्यांनी मधली वर्षं भरून काढली होती. कुणी ओळींच्या मध्ये भाजी घेतली. कुणी कलमं बांधायला शिकलं. एका तरुणाने पाडाभरच्या कोयी गोळा करून रोपं केली, त्यांवर कलमं बांधली आणि ती विकली. राज्यात १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तशी कलमांना मागणी वाढत गेली, आणि रोपवाटिका हा इथला एक स्वतंत्र धंदा बनला. झाडाचं फळ हातात येण्याआधी झाडाच्या रोपाने घर चालवलं.

४. मोगऱ्याने शिकवलेलं: एकट्याचा धंदा इथे चालत नाही

जव्हार, मोखाडा आणि शेजारच्या विक्रमगड तालुक्यात मोगरा रुजला, तो मधल्या वर्षांचं हेच कोडं सुटल्यामुळे. आंब्याइतकी वाट पाहावी लागत नाही, पाणी थोडं पुरतं, काही गुंठे जागा पुरते, आणि हंगामात रोज पैसा येतो. रोज पैसा येणं ही गोष्ट पगारदार माणसाला कळणार नाही. ज्या घराला वर्षातून एकदा भाताचे आणि एकदा भट्टीच्या हिशोबाचे पैसे दिसतात, त्या घरात रोजची पट्टी आली की सगळा कारभार बदलतो.

मोगऱ्याची कळी टपोरी झालेली हवी, पण उमललेली चालत नाही. म्हणून खुडणी अंधारातच. डोक्याला बॅटरी बांधून बाया, पोरी, सासवा ओळीत उतरतात. उजाडायच्या सुमाराला कळ्या भरून रस्त्यावर आणायच्या, तिथून गाडीने दादरच्या फूलबाजाराकडे. उशीर झाला, कळी उमलली, की भाव पडला. इथे रेल्वे नाही. जे काही आहे ते रस्त्यावर: त्र्यंबकेश्वरहून मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत मनोरला महामार्गाला मिळणारा आणि पुढे पालघरला जाणारा १६०-अ क्रमांकाचा रस्ता, त्यावर धावणाऱ्या जीपगाड्या आणि एसटी.

आता गणित पाहा. एका शेतकऱ्याच्या दोन-चार किलो कळ्यांसाठी गाडी दादरला जाणार नाही. पाड्यावरच्या दहा-पंधरा घरांनी मोगरा लावला तर जाईल. म्हणजे शेजाऱ्याने आपल्यासारखाच धंदा सुरू केला तर आपलं नुकसान होत नाही, उलट गाडी मिळते. शहरातल्या दुकानदारीत हे उलटं असतं. इथे पहिल्या शेतकऱ्याने दुसऱ्याला छाटणी फुकट शिकवली, यात त्याचा मोठेपणा आहेच, पण त्याची गरजही होती.

गाडीवाल्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. तो नुसता कळ्या पोचवत नाही. बाजारात आज काय भाव फुटला, लग्नाची तिथी कधी आहे, कुठला अडत्या पट्टी वेळेवर देतो, ही सगळी खबर तोच आणतो. खतं आणतो, औषधं आणतो, कधी बाळंतिणीला दवाखान्यात पोचवतो. त्याची गाडी बंद पडली तर पाड्याचा मोगरा पाड्यावरच उमलतो. उद्योग वाढवायच्या बैठकीत मी या लोकांना कधी खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. त्यांना बोलवायला हवं, आणि गाडीसाठी कर्ज देताना त्यांना उद्योजक म्हणूनच वागवायला हवं.

५. शिकणं नात्यातून पसरतं

डहाणूजवळच्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने या भागातल्या शेतकऱ्यांना मोगरा, भाजी, कलमं यांचं शिक्षण दिलं, आणि ते महत्त्वाचंच. पण प्रशिक्षणाहून परतलेल्या माणसाचं शेत पाहायला येतात ते त्याचे मेहुणे, साडू, मामेभाऊ. लग्नाच्या निमित्ताने आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी फांदी घेऊन जातो. पाहणी दौरा ठरवताना आम्ही पुढे पुढे नातलगांचीच गावं निवडायला लागलो. खर्च कमी आणि विश्वास जास्त.

६. जमीन तारण नसते तेव्हा वही तारण होते

दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथली आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला सहज घेता येत नाही, जमीन महसूल संहितेतली ३६ आणि ३६-अ ही कलमं त्यासाठीच आहेत. हे संरक्षण हवंच. ते नसतं तर या डोंगरांवर आज फार्महाऊसच्या भिंती दिसल्या असत्या. पण बँकेच्या नजरेतून पाहिलं तर अशी जमीन लिलावात विकणं अवघड, म्हणून बँक हात आखडते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला वनपट्टा तर वारसांना जातो, पण विकता येत नाही. त्यात सातबाऱ्यावर चुलत्या-आत्यांची नावं, कुणी हयात, कुणी नाही.

यावर बचत गटाने मार्ग काढला. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक जोडायला सुरुवात केली. १९७५ पासूनचं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासूनचं 'उमेद' अभियान यांनी गावोगाव गट उभे केले. दर महिन्याला बैठक, बचत, आतल्या आत कर्ज, परतफेड, आणि हे सगळं वहीत. ही वही नेटकी असेल तर बँकेचा साहेब जमिनीचा कागद मागत नाही. एका गटाची वही चौथी शिकलेली मुलगी लिहायची, अक्षर मोठं आणि गोल. तिने खाडाखोड केलेली मी कधी पाहिली नाही. त्या गटाला कर्ज मिळायला कधी अडचण आली नाही.

लहान खाद्यपदार्थांच्या धंद्यासाठी २०२० मध्ये केंद्राची जी योजना आली, तिच्यात गटातल्या सदस्येमागे ४० हजार रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद झाली. हे माहीत असलेला माणूस पाड्यावर असणं हीसुद्धा एक स्थानिक सोय आहे. ग्रामसेवक असो, गटांचं काम पाहणारी गावची सीआरपी ताई असो की शाळेचे गुरुजी, अर्ज भरून देणारं एक माणूस प्रत्येक गावात लागतं. जिथे ते नव्हतं तिथे योजना तालुक्याच्या भिंतीवरच राहिली.

७. वजनकाटा विकत घ्या

रानातला माल इथली जुनी कमाई आहे. चैत्रात मोहाची फुलं, मग करवंदं, पहिल्या पावसात शेवळं, शिवाय मोहाच्या बियांचं तेल, मध, हिरडा, गुलवेल. १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला दिली. मालकी कागदावर आली, पण विक्री जुन्याच रीतीने चालत राहिली: बाई पाटीभर माल आणते, व्यापारी मापाने घेतो आणि पुढे किलोने विकतो. मधलं अंतर त्याचं. वर मोहाची फुलं घाईत विकायची आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने परत घ्यायची.

एका पाड्याने वर्गणी काढून इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घेतला. बाजाराला जाण्याआधी माल घरी तोलायचा आणि आकडा लक्षात ठेवायचा, एवढंच. पहिल्याच हंगामात व्यापाऱ्याशी बोलण्याचा सूर बदलला. त्याच पाड्याने पुढे फुलं वाळवून कोरड्या खोलीत साठवली आणि घाई न करता विकली. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रातून गुलवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांना विकली, हे २०२० मध्ये सगळ्यांनी वाचलं. त्यांच्याकडे वेल होती ती आमच्याकडेही आहे. त्यांनी ती वाळवली, निवडली, ठरल्या वजनात वेळेवर पोचवली. काम तिथे आहे.

८. चित्रं, मुखवटे आणि तारखा

जव्हार हे मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी, ते संस्थान १९४८ पर्यंत होतं. जयविलास राजवाडा आणि दसरा आजही लोक पाहायला येतात. मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे रात्रभर नाचतात, आणि ते मुखवटे घडवणारे हात इथेच आहेत. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली होती. इतकं मोठं भांडवल फार थोड्या तालुक्यांजवळ असेल.

तरीही चित्रावर घर चालतं ते थोड्यांचंच. मागणी येते ती एकाच मापाच्या पन्नास फ्रेमची आणि अमुक तारखेची. चित्रकार मुलगा आवणीत असतो. ज्या गटांनी चितारणारे, चौकट करणारे आणि पाठवणारे वेगळे ठेवले, त्यांचं काम चाललं. चितारणाऱ्याच्या डोक्यावर टपालाचा भार नको.

९. पाहुणे येतात तेव्हा घर शेतात असतं

दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, शिरपामाळ पाहायला पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. त्याच आठवड्यांत आवणी चालते आणि घरातला प्रत्येक हात चिखलात असतो. मग पाहुण्यांचा पैसा बाहेरून आलेल्या टपऱ्या घेऊन जातात. हिवाळ्यात हवा सुरेख असते, हात मोकळे असतात, खायला नवी नागली, वाल आणि खुरासणीची चटणी असते. निवासाचा धंदा करणाऱ्यांनी हिवाळ्याची जाहिरात करावी, हे माझं ठाम मत आहे.

१०. नागली आधी घरातल्या पोराला

हे मी सगळ्यांत कळकळीने सांगते. १९९२ मध्ये बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव देशभर गेलं, आणि नंतरही मोखाड्यातून अशा बातम्या येत राहिल्या. ही भूमी नागली पिकवते, जिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, शहरात नागलीच्या बिस्किटांना भाव आला, आणि आमच्या पाड्यांवर नागली खरेदी करणारे येऊ लागले. चांगलं झालं. पण घरातली नागली सगळी विकून त्या पैशांत लेकरांना कुरकुऱ्यांची पाकिटं आणली, तर त्याला मी उद्योगाची वाढ म्हणणार नाही.

काही गटांनी नियम केला होता: घराला लागणारं धान्य बाजूला ठेवून मगच गटाने विकत घ्यायचं. पापड, लाडू, सत्त्व तयार झालं की त्यातला वाटा आधी गावच्या अंगणवाडीत. गटाची उलाढाल त्यामुळे कमी दिसली. अहवालात ती खाली गेली. त्या बायांना त्याचं काही वाटलं नाही, मलाही नाही.

११. उधारी गटाचा जीव घेते

शेवटचं सांगणं पाड्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. जव्हार-मोखाड्याच्या गटांकडून लोणचं, नागलीचे पापड, काजू किंवा चित्रं घेणारी माणसं नाशिक, ठाणे, मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो. प्रदर्शनात माल उचलतात, "पैसे पुढच्या महिन्यात" म्हणतात. मोठ्या व्यापाऱ्याला महिना काहीच नसतो. गटाचं सगळं भांडवल मात्र त्याच खेपेत अडकलेलं असतं, आणि पुढची नागली खरेदी करायला हातात काही उरत नाही. माल नाकारला गेला म्हणून बंद पडलेले गट मी थोडे पाहिले. पैसे उशिरा आले म्हणून बंद पडलेले जास्त पाहिले.

तुमचं दुकान असेल, कार्यालयाची दिवाळीची खरेदी तुमच्या हातात असेल, सोसायटीत तुम्ही विक्री ठेवत असाल, तर दर घासून घ्या, मालाची प्रत तपासा, न आवडलेला माल परत करा. पण जो ठेवून घ्याल त्याचे पैसे त्याच दिवशी द्या.